सोडून देण्यासाठी पकडणं : पक्ष्यांच्या पायातल्या कडीची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय पक्ष्यांचा आहे, पण "आपल्याला काय त्यातलं कळतंय" म्हणून स्किप करू नका. या गोष्टीत एक चित्रकार आहे, एक शाळामास्तर आहे, जवळजवळ हजार बॉम्बफेकी विमानं आहेत आणि आपली मुंबईही आहे. सुरुवात मात्र होते चक्क स्वयंपाकघरातून.

हेल्गोलँड नावाचं एक बेट आहे. उत्तर समुद्रात, जर्मनीच्या किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटर आत, लाल दगडाचा एक उभा कडा. मुख्य बेट जेमतेम एक चौरस किलोमीटरचं. म्हणजे सकाळी फिरायला निघालात, तर अख्खं बेट पालथं घालून नाश्त्याला घरी परत. पूर्वी त्यावर झाडंही फारशी नव्हती. वारा, गवत, मासेमारी करणारी माणसं आणि एक दीपगृह.

दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात स्कँडिनेव्हियाकडून असंख्य छोटे पक्षी दक्षिणेकडे निघतात. कस्तूर, चंडोल, वटवटे, सगळी गाणाऱ्या पक्ष्यांची बिरादरी. यातले बरेचसे प्रवास करतात रात्री. पहाट झाली की खाली बघावं, तर चहूकडे पाणी आणि मधोमध हा एकुलता एक दगड. उतरणार कुठे बिचारे? तिथेच.

बेटावरच्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. थंडी तोंडावर आलेली आणि आभाळातून आपोआप जेवण उतरतंय, कोण सोडेल? त्यांनी एक नामी युक्ती काढली होती. जमिनीत फांद्या रोवून खोटं झुडूप उभं करायचं आणि त्याला जाळं लावायचं. उघड्याबोडक्या बेटावर दमून उतरलेल्या कस्तुराला ते झुडूप म्हणजे घरच वाटायचं. तो आत शिरला की माणूस मागून हुसकावणार आणि पक्षी जाळ्यात. या सापळ्याचं नावच होतं 'कस्तुरांचं झुडूप'. शिवाय धुक्याच्या, चंद्र नसलेल्या रात्री दीपगृहाच्या उजेडाभोवती पक्षी गोंधळून घिरट्या घालायचे, तेव्हा एका रात्रीत हजारो चंडोल हाती लागायचे. ते सगळे जायचे पातेल्यात.

हे ऐकून नाक मुरडायची घाई करू नका. कोणता पक्षी कोणत्या वाऱ्याला येतो, कुठे बसतो, कशाला घाबरतो, कोणत्या दिशेने पळतो, हे सगळं या लोकांना पाठ होतं. एकही पुस्तक न उघडता. माझ्या मते आजच्या गोष्टीचं खरं भांडवल हेच आहे, म्हणून ते लक्षात ठेवा.

१८३७ साली या बेटावर हाइनरिश गेट्के नावाचा एक तरुण जर्मन चित्रकार आला. समुद्राची चित्रं काढायला आला आणि तिथलाच झाला. हेल्गोलँड तेव्हा ब्रिटिशांकडे होतं, १८९० साली ते जर्मनीला मिळालं. गेट्के तिथल्या ब्रिटिश सरकारच्या कचेरीत सचिव झाला आणि उरलेला वेळ त्याने पक्ष्यांना दिला. बेटावरचे शिकारी वेगळा काही पक्षी दिसला की त्याच्याकडे घेऊन यायचे. त्यांच्या हातांवर आणि स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून त्याने पन्नासहून जास्त वर्षं नोंदी केल्या. १८९१ साली त्याचं जाडजूड पुस्तक आलं. एवढ्याशा दगडावर जवळजवळ ४०० जातींचे पक्षी! युरोपातले पक्षीतज्ज्ञ चाट पडले.

पण या थोर माणसाचा एक अंदाज साफ चुकला होता. ब्लूथ्रोट नावाचा एक चिमुकला पक्षी आहे. निळ्या गळ्याचा, हिवाळ्यात आपल्याकडे महाराष्ट्रातही येतो. वसंतात तो हेल्गोलँडवर दिसायचा, पण मधल्या देशांत तो फारसा दिसत नाही असं गेट्केला वाटलं. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की हा पक्षी उत्तर आफ्रिकेतून उडतो आणि एका रात्रीत थेट हेल्गोलँडला पोचतो. विमानालाही घाम फुटेल असा वेग! आज आपल्याला माहीत आहे की असं काही होत नाही, हे पक्षी थांबत थांबत, खात-पीत प्रवास करतात.

गेट्के कमी हुशार होता का? अजिबात नाही. अडचण वेगळी होती. नुसतं बघून तुम्हाला एवढंच कळतं की 'एक' पक्षी आला. 'तोच' पक्षी काल कुठे होता आणि उद्या कुठे जाईल, हे कसं कळणार? सगळे कस्तूर दिसायला सारखेच. गर्दीतल्या एकाला ओळखायचं, तर त्याला नंबर द्यायला हवा.

तो नंबर दिला एका शाळामास्तराने. डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावचे हान्स ख्रिश्चन मोर्टेन्सन. १८९० साली त्यांनी स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात जस्ताची कडी घालून पाहिली. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला पक्षी. पण जस्ताची कडी पडली जड. मास्तरांनी प्रयोग थांबवला. मग ॲल्युमिनियम हाताशी आलं आणि १८९९ साली त्यांनी १६५ स्टार्लिंगच्या पायात हलक्या कड्या घातल्या. प्रत्येक कडीवर वेगळा क्रमांक आणि गावाचं नाव. आधार कार्डच म्हणा ना! पक्षी कुठेही सापडला, तर तो कुणाचा हे सापडणाऱ्याला कळावं.

ही कल्पना बघता बघता पसरली. १९०१ साली योहानेस थिनेमान यांनी बाल्टिक किनाऱ्यावरच्या रोसिटेनला पक्ष्यांसाठी संशोधन केंद्र सुरू केलं. आणि १९१० साली हेल्गोलँडवर केंद्र उभं राहिलं, त्याचे प्रमुख होते तरुण ह्यूगो वायगोल्ड.

वायगोल्डसमोर प्रश्न अगदी साधा होता. कड्या तयार आहेत, पण घालायच्या कुणाला? कडी घालायला पक्षी जिवंत हवा, धडधाकट हवा आणि एक-दोन नाही, शेकड्यांनी हवा. याचं उत्तर त्यांना प्रयोगशाळेत सापडलं नाही. ते बेटावरच्या लोकांच्या परसात आधीच उभं होतं. तेच ते कस्तुरांचं झुडूप!

१९२० च्या सुमारास वायगोल्ड यांनी ती युक्ती मोठी केली. खरी झुडपं लावली आणि त्यांच्यावर तारेच्या जाळीचा एक प्रचंड नरसाळ्यासारखा बोगदा उभारला. तोंड भलं रुंद, पुढे निमुळतं होत जाणारं. पक्षी झुडपांत विसाव्याला येतात, माणूस मागून हळूहळू चालत येतो, पक्षी पुढे सरकत जातात. शेवटी एक पेटी, तिला मागे काच. उजेड दिसतो म्हणून पक्षी तिकडे झेपावतो आणि अलगद पेटीत उतरतो. हुसकावण्याची पद्धत तीच, झुडपाचं आमिष तेच. फरक एवढाच, की पूर्वी पेटीच्या पलीकडे पातेलं होतं आणि आता पट्टी, तराजू आणि वही. जगभर या सापळ्याला आजही 'हेल्गोलँड ट्रॅप' म्हणतात.

पक्षी हातात आल्यावर पुढे काय होतं, तेही ऐका. आपल्याकडे कासार बांगड्या भरताना आधी हात दाबून माप बघतो ना, तसंच. प्रत्येक जातीच्या पायाचं माप ठरलेलं आणि कडीही त्याच मापाची. सैल असेल तर अडकेल, घट्ट असेल तर रुतेल. नीट बसलेली कडी पायावर सहज वर-खाली सरकते. मग पंखाची लांबी मोजतात, वजन करतात. छातीवरच्या पिसांवर हलकी फुंकर मारली की पातळ कातडीखाली पिवळसर चरबी दिसते. समुद्र ओलांडायचा तर हेच पेट्रोल. टाकी भरली आहे की रिकामी, हे एका फुंकरीत कळतं. गोल्डक्रेस्ट नावाचा पक्षी भरतो पाच-सहा ग्रॅम, म्हणजे जेमतेम आपल्या पाच रुपयांच्या नाण्याएवढा. तो उत्तर समुद्र ओलांडतो! आणि मग शेवटचं काम : मूठ उघडायची.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडते ती ही शेवटची पायरी. कारण कडी घालणारा माणूस मूठ उघडतो तेव्हा त्याच्या हाती काहीच उरत नाही, फक्त वहीतली एक ओळ. बहुतेक पक्षी पुन्हा कुणालाच सापडत नाहीत. छोट्या पक्ष्यांच्या बाबतीत तर शेकडो कड्या घालाव्यात तेव्हा कुठे एखादी दूरवरून कळते. ती कळते कुणामुळे? कुठल्यातरी शेतकऱ्यामुळे, मच्छीमारामुळे, शाळेतल्या पोरामुळे, ज्याने मेलेला पक्षी उचलला, कडी वाचली आणि पत्र टाकलं. म्हणजे हे सगळं शास्त्र अनोळखी माणसांच्या भलेपणावर उभं आहे.

आणि भलेपणाचे दिवस नव्हते ते. वेल्सच्या किनाऱ्याजवळ स्कोकहोम नावाचं बेट आहे. १९३३ साली रोनल्ड लॉकली यांनी तिथे ब्रिटनमधलं पहिलं पक्षी-केंद्र सुरू केलं आणि जर्मनांकडून शिकलेला हेल्गोलँड ट्रॅप उभा केला. पुढे सहा वर्षांत दोन्ही देशांत युद्ध पेटलं. हेल्गोलँड म्हणजे जर्मन नौदलाचा बालेकिल्ला. १८ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिशांची जवळजवळ हजार विमानं या चिमुकल्या बेटावर बॉम्ब टाकून गेली. उरलेल्या लोकांना बेट सोडावं लागलं. बरोबर दोन वर्षांनी, १८ एप्रिल १९४७ ला, ब्रिटिशांनी तिथल्या लष्करी तटबंदीत सुमारे ६,७०० टन स्फोटकं एकदम उडवली. बेटाचा आकारच बदलला. ज्या बेटाच्या नावाचा सापळा ब्रिटिश पक्षीतज्ज्ञांनी आपलासा केला होता, त्या बेटाची ही गत झाली.

पण पक्ष्यांना तहनामे कुठे वाचता येतात? ते येतच राहिले. १९५२ साली बेट जर्मनीला परत मिळालं आणि पुढच्याच वर्षी केंद्र पुन्हा सुरू झालं. झुडपं पुन्हा लावली, जाळ्या पुन्हा बांधल्या. मुख्य संस्था आता जमिनीवर व्हिल्हेल्म्सहाफेनला आहे, पण कड्यांवर नाव आजही तेच : हेल्गोलँड.

एवढा सगळा खटाटोप करून मिळालं काय, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर आहे. तिथल्या वाळूच्या टेकड्यांमध्येही पूर्वी छोटे पक्षी खाण्यासाठी पकडायच्या खास जागा होत्या. पुढे अशाच जागांवर कड्या घालायचं काम सुरू झालं. पेर्डेक नावाच्या डच शास्त्रज्ञाच्या प्रयोगात १९४८ ते १९५७ या काळात शरद ऋतूत द हेगजवळ ११,००० हून जास्त स्टार्लिंग पकडले गेले. कड्या घातल्या, विमानात बसवले आणि थेट स्वित्झर्लंडला नेऊन सोडले! म्हणजे तुम्ही पुण्याहून मुंबईला निघालात आणि कुणीतरी उचलून नागपूरला सोडलं. आता काय कराल?

अनुभवी, मोठ्या पक्ष्यांनी ओळखलं की गडबड झाली आहे. त्यांनी दिशा बदलली आणि उत्तर फ्रान्स, इंग्लंड अशा आपल्या नेहमीच्या हिवाळी मुक्कामाकडे वळले. पण पहिल्यांदाच प्रवासाला निघालेली पिल्लं? ती जन्मजात मिळालेली दिशा धरून सरळ उडत राहिली आणि पोचली दक्षिण फ्रान्स-स्पेनमध्ये, जिथे त्यांच्या घराण्यातलं कुणी जात नव्हतं. म्हणजे दिशा उपजत असते, पण नकाशा अनुभवाने मिळतो. गेट्केला आयुष्यभर बघूनही जे कळलं नसतं, ते पायातल्या नंबरामुळे कळलं.

आता थोडं पूर्वेकडे जाऊ, कारण जाळ्याची दुसरी मोठी गोष्ट जपानची आहे. तिथले शिकारी अतिशय बारीक रेशमी धाग्याची जाळी झाडांमध्ये उभी टांगायचे. इतकी तलम, की पक्ष्याला दिसतच नाहीत. नावही तसंच, 'धुक्याचं जाळं'. त्यात सापडायचे तेही मुख्यतः कस्तूरच, आणि तेही खाण्यासाठीच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन ताब्यातल्या जपानात वन्यजीव विभागाचं काम ऑलिव्हर ऑस्टिन या पक्षीतज्ज्ञाकडे होतं. त्यांनी या जाळ्यांचा अभ्यास करून १९४७ साली अहवाल लिहिला. जपानात त्यांनी होणाऱ्या शिकारीवर बंदी आली आणि तीच जाळी पक्षी-अभ्यासकांनी जगभर नेली. आज सगळीकडे वापरतात ते 'मिस्ट नेट' हेच. म्हणजे इथेही तेच घडलं. हत्यार शिकाऱ्याचं, वही शास्त्रज्ञाची.

आणि आता येऊ घरी. १९२९ साली मुंबईचा एक तरुण बर्लिनला शिकायला गेला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली होती, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कुठला पक्षी हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, म्हणजे आपल्या बीएनएचएसमध्ये गेला आणि तिथलाच झाला. बरोबर ओळखलंत, सलीम अली! बर्लिनच्या मुक्कामात ते हेल्गोलँडलाही गेले आणि तिथे कड्या घालायचं काम त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं, केलं.

त्या शिक्षणाचं मोठ्या प्रमाणावर चीज व्हायला तीस वर्षं लागली, आणि त्याला निमित्त झाला एक आजार. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला. सिंधुदुर्गातल्या मंडळींना सांगायला नको, हाच तो 'माकडताप'. त्याचा विषाणू सायबेरियातल्या एका विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग शंका आली की हा स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर तर आला नाही ना? त्या शोधासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि बीएनएचएसचं कड्या घालण्याचं काम कच्छ, भरतपूर अशा ठिकाणी जोरात सुरू झालं. पुढे कळलं की विषाणू इथल्याच जंगलातला आहे. पण तोवर हजारो पक्ष्यांच्या पायात कड्या गेल्या होत्या आणि भरतपूरची बदकं थेट सोव्हिएत संघात सापडत होती.

यात एक काटाही होता. १९६३ पासून आशियाभर जो मोठा कडी-कार्यक्रम चालला, त्याला पैसा अमेरिकन सैन्याच्या संशोधन विभागाचा होता. सत्तरच्या दशकात आपल्याकडे प्रश्न उठला, की ही जंतुयुद्धाची तयारी तर नव्हे? प्रकरण संसदेपर्यंत गेलं. सलीम अलींनी आरोप फेटाळले. मला त्या प्रश्नात गैर काही वाटत नाही. जाळं कुणाच्या पैशाने लागलं आहे, हे विचारायलाच हवं.

पण मला आणखी एक प्रश्न विचारायचा आहे. पक्षी पकडले कुणी? बिहारमधल्या मीरशिकार समाजाच्या लोकांनी. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांच्यातले अली हुसेन कित्येक दशकं बीएनएचएसबरोबर होते. पक्ष्याच्या चालीवरून तो कुठे पाय टाकेल हे ओळखायचं आणि त्याच्या पिसालाही धक्का न लावता तो हातात घ्यायचा, ही त्यांची विद्या. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं पॉइंट कॅलिमेअर घ्या. ऑक्टोबरात श्रीलंकेकडे निघालेले नवरंगासारखे पक्षी समुद्र ओलांडण्याआधी तिथे थांबतात. अशा ठिकाणी शास्त्रज्ञाला हेल्गोलँडच्या मासेमाऱ्यांसारखीच, पुस्तकात नसलेली अक्कल लागते. शोधनिबंधावर नाव येतं वही लिहिणाऱ्याचं. जाळं लावणाऱ्याचं क्वचितच. हेल्गोलँडच्या सापळ्याला बेटाचं नाव मिळालं, पण ते खोटं झुडूप पहिल्यांदा रोवणाऱ्या माणसाचं नाव कुणालाच माहीत नाही.

आता तुमच्यापैकी कुणीतरी नक्की म्हणेल, "पण पक्ष्यांना त्रास होत नाही का?" होतो. हातात आलेल्या पक्ष्याचं काळीज धडधडत असतं, ते बोटांना जाणवतं. अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांच्या नोंदी एकत्र करून २०१२ साली एक अभ्यास आला. त्यात जाळ्यात सापडलेल्या हजार पक्ष्यांमागे दोन-तीन दगावल्याचं दिसलं. आकडा छोटा आहे, पण शून्य नाही. म्हणूनच जाळी सतत तपासायची, पावसात लावायची नाहीत आणि परवानगी व प्रशिक्षण असल्याशिवाय हात लावायचा नाही, असे कडक नियम आहेत. आता छोटे ट्रान्समीटर आले आहेत, पण तेही बसवायला पक्षी एकदा हातात घ्यावाच लागतो. पकडण्याला पर्याय अजून नाही.

तर आता तुमचं काम. कधी किनाऱ्यावर, शेतात, रस्त्याकडेला कडी असलेला पक्षी दिसला, तर पुढे जाऊ नका. पक्षी जिवंत असेल तर पकडायला धावू नका. लांबून झूम करून फोटो काढा, क्रमांक वाचता आला तर उत्तम. मेलेला असेल तर कडीवरची अक्षरं आणि आकडे नीट दिसतील असा फोटो घ्या, तारीख आणि जागा लिहा आणि बीएनएचएसला कळवा. मुंबईत लायन गेटसमोर त्यांचं हॉर्नबिल हाऊस आहे, ऑनलाइनही पत्ता मिळेल. भारतातल्या जुन्या कड्यांवर तर इंग्रजीत सरळ विनंतीच कोरलेली असायची : बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.

शंभरेक वर्षांपासून अशी पत्रं पक्ष्यांच्या पायात बांधून पाठवली जात आहेत. बहुतेकांना उत्तर आलेलं नाही. एखादं तुमच्या हाती लागलं, तर उत्तर नक्की पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर सकाळी खिडकीबाहेर कान देऊन ऐका, ऑक्टोबर आला की नवे आवाज येतात!